खाऱ्या वाऱ्यात गेट टिकवायचं कसं, आणि त्यात नॅनो नक्की कुठे कामाला येतं

मालवणजवळ आमचं घर आहे, समुद्रापासून चालत पाच मिनिटं. गेट लोखंडी, दोन इंची पाइपची चौकट आणि आत सळया, बाबांनी स्वतःच्या हाताने वेल्डिंग केलेलं. तीन वर्षांपूर्वी मे महिन्यात मी त्याला नॅनो कोटिंग असं मोठ्या अक्षरात लिहिलेला एक डबा आणून लावला, दुकानदार म्हणाला मॅडम दहा वर्षं बघायला नको, आणि गणपतीला घरी गेले तर खालच्या पाइपवर मुगाच्या दाण्याएवढे फोड आलेले. एक फोड सेफ्टी पिनने फोडला. आतून पाण्याचा थेंब आला, तपकिरी नाही, जवळजवळ स्वच्छ, आणि त्याच्याखाली लोखंड काळं पडलेलं. आमच्याकडे बाबांच्या वेळेपासून येणारे पेंटर काका आहेत, त्यांनी नुसतं बघितलं आणि म्हणाले, "आदी मीठ काढ गो बाय, मगे रंगाचा बघ."

मी केमिस्ट्री शिकवते, तरी तो थेंब तिथे कसा आला हे नीट समजून घ्यायला मला त्यानंतर बरेच दिवस वाचावं लागलं. पण कारण एकदम घरगुती आहे. कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवलं की पाणी सुटतं ना, तसंच. लोखंडावर मीठ राहिलं आणि त्याच्यावर रंग बसला की रंगाचा थर साल झाला आणि मीठ आतून पाणी ओढायला लागलं. रंग कितीही चांगला असला तरी पाण्याची वाफ त्याच्यातून थोडी थोडी आत जातेच, आणि आतलं मीठ तिला धरून ठेवतं. मग फोड, मग फोडाखाली गंज, मग पोपडा. म्हणजे माझ्या डब्यात नॅनो काही होतं की नव्हतं हा प्रश्न नंतरचा, त्याच्याखाली मीठ होतं हे पहिलं.

तेव्हापासून जी पद्धत मी वापरतेय ती इथे सगळी लिहितेय, गेट, खिडकीचं ग्रील, पंपाचा स्टँड, गोठ्याच्या शेडचे अँगल, सगळ्याला चालते. आणि यात विषारी काही न वापरता, किंवा कमीत कमी वापरून, काय काय करता येतं त्यावर माझा जास्त भर आहे, कारण आमच्या गेटावरून जे धुवून जातं ते व्हाळात, म्हणजे ओढ्यात जातं, व्हाळ खाडीला मिळतो, आणि त्याच खाडीतल्या तिसऱ्या आणि कालवं आम्ही खातो. हे प्राणी पाणी गाळून पोट भरतात, पाण्यात जे बारीक काही तरंगतं ते सगळं त्यांच्या अंगात. बोटींच्या तळाला शेवाळ-कालवं चिकटू नयेत म्हणून पूर्वी टीबीटी नावाचं टिनचं संयुग घातलेला रंग लावायचे, फार गुणकारी, पण त्याच्यामुळे फ्रान्समधल्या आर्काशों खाडीतला कालवांचा धंदा बसला, कालवांची शिंपलीच वेडीवाकडी वाढायला लागली, फ्रान्सने १९८२ मध्ये छोट्या बोटींवर त्याला बंदी घातली आणि जगभरची बंदी लागू व्हायला २००८ उजाडलं. लोखंड वाचवायचं औषध निवडताना मला हे कायम आठवतं.

आधी काय घ्यायचं नाही ते बघू. पिवळा झिंक क्रोमेटचा प्रायमर घेऊ नका, गंज रोखायला तो उत्तम आहे यात वाद नाही, पण त्यातलं सहा-संयुजी क्रोमियम माणसाला कॅन्सर करतं हे पक्कं सिद्ध झालेलं आहे. दुसरा रेड लेड, म्हणजे आपला शेंदूर. इथे एक घोळ कायम होतो, रेड ऑक्साइड आणि रेड लेड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, रेड ऑक्साइड म्हणजे लोखंडाचाच ऑक्साइड, गेरूचा भाऊ, त्यात शिसं नसतं, आणि रेड लेड म्हणजे शिसं. आपल्याकडे घरगुती आणि सजावटीच्या रंगात शिसं ९० पीपीएमच्या, म्हणजे दहा लाख भागांत ९० भागांच्या, वर नको असा नियम २०१६ मध्ये निघाला आणि नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला, पण तो घरगुती रंगांपुरता आहे, इंडस्ट्रियल रंगांना नाही, म्हणून हार्डवेअरच्या दुकानात इंडस्ट्रियल प्रायमरचा डबा हातात आला तर लेड-फ्री, क्रोमेट-फ्री लिहिलंय का ते बघूनच घ्या.

आता नॅनो म्हणजे काय ते दोन वाक्यांत. केसाची जाडी साधारण ८०,००० ते १,००,००० नॅनोमीटर असते आणि आपण ज्या कणांबद्दल बोलतोय ते १ ते १०० नॅनोमीटरचे. एवढे बारीक असल्यामुळे ते रंगाच्या थरातल्या सूक्ष्म भोकांत जाऊन बसतात, पाण्याला आणि मिठाला सरळ रस्ता मिळत नाही, वळसे घेत घेत जावं लागतं. बाकी काही कण नुसते आडवे बसत नाहीत तर पोटात गंजरोधक औषध ठेवून गरज पडली की सोडतात, ती खरी कमाल आहे, पुढे सांगते.

पण कामाची सुरुवात धुण्यापासून.

वेळ कुठली धरायची? दिवाळीनंतर फेब्रुवारीपर्यंत. मे मध्ये सगळे घाई करतात पावसाच्या आधी म्हणून, मीही केली होती, पण मे मध्ये कोकणात हवा इतकी दमट आणि खारी असते की हात फिरवला की गेट चिकट लागतं. हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर असेल तर रंगकाम करायचं नाही आणि लोखंडाचं तापमान दवबिंदूपेक्षा, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं दव होतं त्यापेक्षा, निदान ३ अंशांनी जास्त हवं, हा सगळ्या कोटिंगवाल्यांचा ठरलेला नियम आहे. घरच्या भाषेत सांगायचं तर सकाळचं दव पूर्ण वाळू दे, गेटाला हात लावल्यावर किंचित कोमट लागू दे, मग नऊ-साडेनऊला सुरू करा आणि दुपारचा समुद्रावरचा वारा जोर धरायच्या आत त्या दिवसाचा हात मारून मोकळे व्हा.

पहिल्या दिवशी नुसतं धुवा. थोडा भांड्याचा साबण, नायलॉनचा ब्रश, आणि भरपूर गोडं पाणी. बोअरचं पाणी आमच्याकडे स्वतःच खारट, त्यामुळे ते पहिल्या धुण्याला चालेल पण शेवटचं धुणं साठवलेल्या पावसाच्या पाण्याने किंवा आरओच्या पाण्याने करा. आणि इथे एक युक्ती आहे जी मला फार उपयोगी पडलीय. घरात आरओ आहे त्यांच्याकडे पाणी तपासायचा टीडीएस पेन असतो, पाण्यात क्षार किती विरघळलेत ते तो आकड्यात दाखवतो. आधी ताज्या पाण्याचं रीडिंग घ्या, समजा ४० आलं. मग तेच पाणी अर्धा लिटर गेटाच्या एका हातभर पट्ट्यावरून हळूच ओता आणि खाली धरलेल्या वाटीत जमा झालेल्या पाण्याचं रीडिंग घ्या. पहिल्यांदा केलं तेव्हा माझं ४० चं चारशेच्या वर गेलं होतं, दिसायला गेट स्वच्छ होतं. तीन वेळा धुतल्यावर ते साठाच्या आसपास आलं आणि मग थांबले. अगदी प्रयोगशाळेसारखं अचूक नाही हे, पण मीठ आहे की गेलं हे कळायला पुरेसं आहे.

धुऊन सुकलं की खरवडणं. सुटलेले पोपडे पत्र्याच्या स्क्रॅपरने, मग तारेचा ब्रश किंवा ग्राइंडरला कप ब्रश लावून, शेवटी ८० नंबरचा पॉलिश पेपर. घट्ट बसलेला पातळ गंज राहिला तर चालेल, सुटी खपली एकही राहता कामा नये, बोटाने टोकरून बघा. जुनं घर असेल तर जुन्या रंगात शिसं असायची शक्यता खूप, त्यामुळे कोरडं घासून धूळ उडवू नका, ओला वॉटर पेपर वापरा, खाली ताडपत्री अंथरा, खरवडलेलं सगळं गोळा करून पिशवीत बांधा, एन ९५ मास्क लावा आणि पोरांना त्या दिवशी अंगणात फिरकू देऊ नका. खरवडून झालं की परत एकदा टीडीएसवालं धुणं, कारण गंजाच्या खड्ड्यांच्या तळाशी मीठ दबा धरून बसलेलं असतं आणि खपली निघाल्यावरच ते उघडं पडतं. ही पायरी बहुतेक सगळे गाळतात. कपड्याने पुसून लगेच उन्हात सुकवा, नाहीतर तासाभरात नारिंगी छटा येते.

आता माझा आवडता भाग, हिरडा.

जुन्नर-आंबेगावपासून महाबळेश्वरपर्यंत सह्याद्रीच्या माथ्यावर हिरड्याची झाडं आहेत, तिकडच्या महादेव कोळी घरांचा बाळहिरडा गोळा करून विकणं हा मोठा आधार आहे. हिरड्यात टॅनिन, म्हणजे तुरटपणा देणारं द्रव्य, प्रचंड, सालीच्या वजनाच्या जवळपास तिसरा हिस्सा. पूर्वी बोरूने लिहायची काळी शाई हिरडा आणि हिराकस एकत्र करून बनवायचे, हिराकस म्हणजे लोखंडाचंच सल्फेट. तीच अभिक्रिया गेटावर घडवायची. गंजातलं लोखंड आणि टॅनिन मिळून निळसर काळं फेरिक टॅनेट तयार होतं, ते पाण्यात सहज विरघळत नाही आणि गंजाला धरून बसतं. म्युझियममध्ये जुन्या लोखंडी वस्तू जपणारे लोक टॅनिक ॲसिडच वापरतात, काही नवीन नाही.

कृती अशी: काष्ठौषधीच्या दुकानातून मोठे हिरडे आणायचे, बी काढून साल कुटायची, १०० ग्रॅम कुटलेली साल एक लिटर आरओच्या पाण्यात रात्रभर भिजत घालायची, सकाळी मंद आचेवर अर्धा तास उकळायची, गार झाल्यावर सुती कापडातून दोनदा गाळायची. पातेलं स्टीलचं किंवा मातीचं घ्या, लोखंडी कढई घेतलीत तर सगळं तिथेच काळं होईल. हा काढा ब्रशने गंजलेल्या भागावर लावायचा, नुसता ओघळू द्यायचा नाही तर ब्रशने गंजात मुरवायचा. बघत राहा, दहा मिनिटांत तपकिरी डाग जांभळट होतो, मग निळा, आणि तासाभरात पाटीसारखा काळा. जिथे तपकिरी राहिलं तिथे एकतर खपली जाड आहे किंवा तेलकट आहे, परत घासा. दुसऱ्या दिवशी अजून एक हात. मग २४ तास सुकू द्या, ओल्या फडक्याने वरची सुटी काळी भुकटी पुसून घ्या, वाळवा. काढा उरला तर चार दिवसांत बुरशी धरतो, लागेल तेवढाच करा, उरलेला झाडाच्या आळ्यात ओतला तरी हरकत नाही, फरशीवर सांडला तर मात्र लगेच पुसा, डाग जात नाही.

हे नॅनो नाही, मान्य. आणि हा रंगही नाही, काळं झालं म्हणजे काम झालं असं समजून तसंच सोडलं तर पहिल्या पावसात परत तपकिरी होईल. पण पुढचा थर ज्याच्यावर बसणार ती जमीन यामुळे तयार होते. ज्यांना उकळाउकळ नको त्यांनी टॅनिक ॲसिडवाला तयार रस्ट कन्व्हर्टर घ्यावा, त्यात बहुधा थोडं फॉस्फोरिक ॲसिडही असतं, हातमोजे घालून वापरा.

फॉस्फेटवरून आठवलं, दिल्लीला मेहरौलीचा लोहस्तंभ आपण सगळ्यांनी पाठ्यपुस्तकात बघितलाय, सात मीटरच्या आसपास उंच, सहा टनांहून जास्त वजनाचा, सोळाशे वर्षं उघड्यावर उभा. तो का गंजत नाही यावर आयआयटी कानपूरच्या आर. बालसुब्रमण्यम यांनी खूप काम केलं. त्या लोखंडात फॉस्फरस जास्त आहे, त्यामुळे पृष्ठभागावर फॉस्फेट असलेला एक पातळ घट्ट थर हळूहळू तयार झाला आणि तोच त्याला राखतो. दिल्लीची कोरडी हवाही मदतीला आहेच, हा स्तंभ मालवणच्या किनाऱ्यावर असता तर काय झालं असतं कोण जाणे. पण पातळ असला तरी चालेल, घट्ट आणि सलग हवा, हे तत्त्व तिथेच दिसतं, आणि आजचे नॅनो थर त्याच तत्त्वावर चालतात.

याचं सगळ्यात मोठं आणि खरंखुरं चालू असलेलं उदाहरण म्हणजे पावडर कोटिंगच्या आधीचं नॅनो सिरॅमिक प्रीट्रीटमेंट. नवीन ग्रील पावडर कोटिंग करून घेणार असाल तर हे वाचाच. भोसरी-चाकणच्या एमआयडीसीत काय किंवा कुडाळच्या काय, कोटिंगवाल्याकडे सेव्हन टँक प्रोसेस असते, तेल काढायचा टँक, गंज काढायचा, मधे पाण्याचे, मग झिंक फॉस्फेटचा आणि शेवटी पॅसिव्हेशनचा, म्हणजे पृष्ठभाग लगेच गंजू नये म्हणून शेवटचा हात देण्याचा. फॉस्फेटचा टँक गरम ठेवावा लागतो, ५०-६० अंशांपर्यंत, तळाशी गाळ साठतो, आणि पॅसिव्हेशनचं पाणी पिवळं दिसलं तर त्यात क्रोमेट आहे असं समजा. याच्या जागी झिर्कोनियमचं द्रावण वापरलं तर लोखंडावर झिर्कोनियम ऑक्साइडचा फक्त २० ते १०० नॅनोमीटरचा थर बसतो, साध्या तापमानाला, गाळ अगदी कमी, क्रोमेट नाही, निकेल नाही. गाड्यांच्या आणि फ्रिज-वॉशिंग मशिनच्या कारखान्यांत हे कित्येक वर्षं चालू आहे. फक्त दोन अटी, एक म्हणजे धुवायला डीआय वॉटर, म्हणजे क्षार काढून टाकलेलं पाणी लागतं, बोअरचं पाणी चालत नाही, आणि दुसरी म्हणजे टँकमधून निघाल्यावर माल ताटकळत ठेवायचा नाही, थर इतका पातळ की भट्टीला उशीर झाला तर वर लालसर गंज येतो. आणि द्रावणात फ्लोराइड असतं म्हणून त्याचं सांडपाणी प्रक्रिया करूनच सोडायला हवं. तुमच्या कोटिंगवाल्याला सरळ विचारा, दादा प्रीट्रीटमेंट कुठली, फॉस्फेट की नॅनो, पॅसिव्हेशनला क्रोम आहे का. जो नीट उत्तर देतो त्याच्याकडे काम द्या.

आपण घरी हे करू शकत नाही, तेव्हा परत गेटाकडे. हिरड्यावर पुढचा थर प्रायमरचा.

प्रायमर झिंक फॉस्फेटचा, इपॉक्सी, शक्यतो पाण्यावर आधारित, त्यात थिनरचा वास आणि धूर कमी. झिंक फॉस्फेट अगदीच निर्दोष नाही, जस्त पाण्यातल्या जिवांना जास्त प्रमाणात घातकच, पण ते फार कमी विरघळतं, आणि क्रोमेटच्या तुलनेत कितीतरी बरं. आता बाजारात स्मार्ट किंवा नॅनो म्हणून जे प्रायमर येतात त्यात बघायच्या गोष्टी दोन, आणि या दोन्ही मला मनापासून पटलेल्या आहेत. एक हॅलोसाइट. ही नैसर्गिक माती आहे, पण तिचे कण बांबूच्या नळकांड्यासारखे, बाहेरून ५०-७० नॅनोमीटर जाड आणि आतून १५ नॅनोमीटर पोकळ. त्या पोकळीत गंजरोधक भरतात, नळीचं तोंड बंद करतात, आणि रंगाला चरा पडून तिथे गंज सुरू झाला की पीएच, म्हणजे तिथली आम्लता बदलते, झाकण उघडतं आणि औषध नेमकं जखमेच्या जागी येतं. दुसरी म्हणजे मॅग्नेशियम-ॲल्युमिनियमची दुहेरी हायड्रॉक्साइडं, हायड्रोटॅल्साइट. वहीच्या पानांसारखी याची रचना, दोन पानांच्या मधे औषधाचे आयन ठेवलेले, मिठातला क्लोराइड आला की हे पान क्लोराइडला आत ओढून घेतं आणि बदल्यात औषध बाहेर सोडतं. म्हणजे शत्रूला कैद पण झाली आणि औषध पण मिळालं. हाच पदार्थ ॲसिडिटीच्या औषधातही वापरतात, यावरून तो किती सौम्य आहे कळेल. फक्त आत भरलेलं औषध काय आहे हे विचारायला विसरू नका, बरेचदा बेंझोट्रायझोल असतं आणि ते पाण्यात सहज नष्ट होत नाही, त्याऐवजी टॅनिन, अमिनो ॲसिड, फॉस्फेट असं काही असेल तर उत्तम.

भाताच्या तुसाचं पण सांगते, कारण कोकणात प्रत्येक भातगिरणीच्या मागे त्याचा ढीग असतो. भाताच्या वजनाचा साधारण पाचवा हिस्सा तूस, तुसाचा पाचवा हिस्सा राख, आणि त्या राखेत ८५ ते ९५ टक्के सिलिका. नीट ताबा ठेवून ७०० अंशांच्या खाली जाळली तर ती सिलिका अस्फटिक राहते आणि तिच्यापासून नॅनो सिलिका बनवता येते, रंगात एक ते तीन टक्के घातली की थर कडक होतो आणि भोकं बुजतात. जास्त घातली तर फायदा वाढत नाही, उलट कण एकमेकांना चिकटून गुठळ्या होतात आणि त्या गुठळीशेजारूनच पाणी आत शिरतं. पण कृपा करून हे परसात जाळून करायला जाऊ नका, आच वाढली तर स्फटिक सिलिका बनते आणि तिची धूळ फुप्फुसांना कायमची इजा करते. तसंच ऑनलाइन मिळणारी सुटी नॅनो पावडर आणून डब्यात ढवळू नका. काठीने ढवळून ती सुटी होतच नाही, नुसती हवेत उडते आणि आपल्या छातीत जाते. नॅनो घ्यायचं तर ते कारखान्यातच द्रवात मिसळलेलं घ्या. एकदा रंग सुकून कण थरात अडकले की धोका फारच कमी, धोका पावडरीत आणि नंतर घासताना.

कोळंबीच्या टरफलांपासून कायटोसान बनतं, त्याच्यावर गंजरोधक म्हणून भरपूर संशोधन झालंय, मला त्याचं फार अप्रूप आहे कारण आमच्या जेटीवर ती टरफलं टोपल्यांनी फेकली जातात. अडचण एवढीच की ते एकटं पाण्यात फुगतं, सिलिका नाहीतर मातीचे कण मिसळल्याशिवाय टिकत नाही. गेटाला लावायला सध्या मी ते सुचवणार नाही.

आणि ग्राफीन. दुकानात हल्ली याचंच नाव जास्त ऐकू येतं, म्हणून सावध करते. ग्राफीन पाण्याला हवेला अडवतं हे खरं, पण ते वीजवाहक आहे. थराला चरा पडला की तिथलं उघडं लोखंड आणि आजूबाजूचं ग्राफीन मिळून बॅटरीसारखं सर्किट बनतं आणि लोखंड उलट जोरात गंजतं. २०१३ मध्ये बर्कलीच्या संशोधकांनी तांब्यावर दाखवलं होतं की सुरुवातीला ग्राफीन वाचवतं पण काही महिन्यांनी ग्राफीन लावलेलं तांबं उघड्या तांब्यापेक्षा जास्त खराब झालेलं असतं. रेझिनमध्ये नीट गुंडाळलेलं ग्राफीन वेगळी गोष्ट आहे, पण नुसत्या नावावर पैसे घालू नका. नॅनो चांदी आणि नॅनो झिंक ऑक्साइडवाले कोटिंग मी पाणवठ्याजवळ वापरत नाही, ते पाण्यातल्या शेवाळ-माशांना बाधतात.

रंगवायची पद्धत: आधी कडा, वेल्डिंगचे सांधे, बिजागरीच्या आजूबाजू आणि सळईच्या बुडाशी लहान ब्रशने प्रायमरचा एक पट्टा मारा, मग पूर्ण गेटाला हात. कडेवर रंग ओढून पातळ होतो आणि गंज तिथूनच सुरू होतो, म्हणून हा पट्टा. प्रायमरचे दोन हात, त्यावर मधला इपॉक्सीचा एक किंवा दोन, आणि शेवटी पीयूचा, म्हणजे पॉलीयुरेथेनचा, कारण इपॉक्सी उन्हात खडूसारखा पांढरट भुकटा होतो. समुद्रकाठी सुक्या थराची एकूण जाडी २०० मायक्रॉनच्या वर हवी, एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. साध्या ऑइल पेंटचा एक हात सुकल्यावर २५-३० मायक्रॉनचाच उरतो, म्हणजे प्रायमर एक आणि रंग दोन हात असं जे सगळीकडे करतात ते शंभरपर्यंत पण पोचत नाही. आणि किनाऱ्यावरची हवा किती खाते? आयएसओ १२९४४ या आंतरराष्ट्रीय मानकात हवेचे वर्ग दिलेत, त्यातल्या सी-५ म्हणजे खाऱ्या किनारी हवेत उघडं साधं पोलाद पहिल्या वर्षात ८० ते २०० मायक्रॉन झिजतं, तर सी-३ मध्ये, म्हणजे मध्यम हवेत, २५ ते ५०. पुण्यात चाललेला रंग मालवणात चालत नाही त्याचं कारण हे.

पाइपची वरची तोंडं उघडी असतील तर वेल्डिंग करून किंवा प्लास्टिकच्या टोपीने बंद करा, आणि खालच्या आडव्या पाइपला तळाशी एक छोटं भोक ठेवा, आत साठलेलं पाणी निघून जायला. आमचं गेट बाहेरून कितीही रंगवलं तरी आतून सडत होतं, भोक पाडलं तेव्हा वाटीभर काळं पाणी आलं.

डबा घेण्याआधी डेटा शीट मागा. त्यात कण कुठला आणि कशात मिसळलाय, व्हीओसी (सुकताना हवेत उडणारी सेंद्रिय रसायनं) किती, आणि सॉल्ट स्प्रे टेस्ट किती तासांची आणि किती मायक्रॉन जाडीवर, एवढं बघा. ही टेस्ट ५ टक्के मिठाच्या फवाऱ्यात ३५ अंशांना करतात. हजार तास लिहिलं म्हणजे अमुक वर्षं असा हिशोब बसत नाही, पण दोन डब्यांची तुलना करता येते, जाडी सारखी असेल तरच.

त्यापेक्षा स्वतःची टेस्ट करा, मी दरवेळी करते. फॅब्रिकेशनवाल्याकडून एकाच पट्टीचे वीतभर तुकडे कापून आणा, गेटाला जे करणार तेच त्यांना करा, एकाला नुसता प्रायमर-रंग, एकाला हिरडा करून, एकाला नॅनोवाला, आणि एकाला तुलनेसाठी न धुता. पूर्ण आठवडा सुकू द्या. मग कटरने लोखंडापर्यंत जाईल अशी फुली मारा. एक लिटर पाण्यात ३५ ग्रॅम मीठ, समुद्राइतकं खारं, ते फवाऱ्याच्या बाटलीत भरून रोज सकाळी फवारा आणि उन्हात वाळू द्या. महिन्याभराने फुलीच्या कडेने रंग नखाने उचला आणि किती मिलिमीटर सुटतो ते पट्टीने मोजा. माझ्या गेल्या खेपेच्या तुकड्यांत न धुता रंगवलेला सगळ्यात वाईट निघाला, त्यावर नॅनोवालाच रंग होता, आणि धुऊन, हिरडा लावून, साधा झिंक फॉस्फेट मारलेला त्याच्यापेक्षा कितीतरी बरा. धुतलेल्यावर नॅनोवाला मात्र सगळ्यांत चांगला, चऱ्यापासून जेमतेम एक मिलिमीटर.

बीएस्सीच्या मुलांना प्रोजेक्ट हवा असेल तर हिरड्याचा काढा मिठाच्या पाण्यात थोडा थोडा घालून वजन घटण्याची पद्धत करा. घासलेली पट्टी वजन करून बुडवा, सात दिवसांनी गंज काढून परत वजन. मिलिग्रॅममधली घट गुणिले ८७.६, आणि त्याला भागायचं घनता, चौरस सेंटीमीटरमधलं क्षेत्रफळ आणि तास या तिघांच्या गुणाकाराने, म्हणजे वर्षाला किती मिलिमीटर झीज ते मिळतं. समजा २२.८ चौरस सेंटीमीटरची पट्टी १६८ तासांत २० मिलिग्रॅम घटली, पोलादाची घनता ७.८६, उत्तर ०.०५८, म्हणजे वर्षाला ५८ मायक्रॉन. काढा घातलेल्या आणि न घातलेल्या पट्टीच्या घटीतला फरक टक्क्यांत काढला की झाली कार्यक्षमता. दर मापाला तीन पट्ट्या ठेवा, एकीवर विश्वास ठेवू नका.

काम झाल्यावर ब्रश धुतलेलं पाणी मोरीत किंवा व्हाळात नको. जुन्या बादलीत दोन दिवस ठेवा, गाळ खाली बसतो, वरचं पाणी उडून जाऊ दे, सुकलेला गाळ आणि खरवडलेला रंग बांधून वेगळा ठेवा आणि घातक कचरा घेणाऱ्याकडेच द्या.

आणि त्यानंतर वर्षातून तीनदा, पाऊस संपल्यावर, डिसेंबरात आणि मार्चअखेर, गोड्या पाण्याने गेट धुवायचं. आमच्याकडे आईने आता पेंटर काकांनाच ते लावून दिलंय. प्रायमरचा आणि रंगाचा थोडा थोडा भाग मी लहान काचेच्या बाटल्यांत भरून ठेवलाय, कडी लागून चरा पडला की त्याच आठवड्यात घासून, पुसून, बारीक ब्रशने बुजवायचा, कडीच्या मागे दरवेळी एकाच जागी चरा पडत होता, तिथे आता सायकलच्या ट्यूबचा तुकडा चिकटवलाय.